खंड्या जेवेना

आमच्या कुत्र्याला, खंड्याला, भाकरी थापल्याचा आवाज कळतो. परातीत पहिली थाप पडली की तो अंगणातल्या पारिजातकाखालून उठतो, सोप्याच्या पायरीवर येऊन बसतो आणि तिसरी भाकरी तव्यावर जाईपर्यंत जागचा हलत नाही. तिसरी त्याची. हा नियम कोणी पाडला यावर आमच्याकडे एकमत नाही. सासूबाई म्हणतात मी पाडला, मला पक्कं माहीत आहे त्यांनीच.

२०२४ च्या भाद्रपदातल्या एका शनिवारी संध्याकाळी तिसरी भाकरी उतरली, कुस्करली, तिच्यावर दूध पडलं, ताटली पायरीवर गेली; आणि खंड्या पारिजातकाखालीच. हाक मारली तर शेपूट दोनदा जमिनीवर आपटली, एवढंच.

"असू दे गं. लंघन करतात ती एखाद दिवस," सासूबाई म्हणाल्या. आणि ते खोटं नव्हतं. वर्षातून दोन-तीनदा तो असं करतो. मागच्या परसात जाऊन दूर्वा खातो, फेसाळ पिवळं ओकतो आणि दुसऱ्या दिवशी दोन भाकऱ्यांचा हिशोब चुकता करतो. म्हणून मीही ताटली उचलून ठेवली आणि विसरले.

खंड्या गावठी आहे. तांबडा, चारही पायांत पांढरे मोजे, तेव्हा सात वर्षांचा, वजन अठरा किलो. आम्ही वाईत राहतो, कृष्णेच्या घाटापासून चालत पाच मिनिटांवर. वाडा जुना आहे: दगडी जोतं, वर मातीच्या भिंती, जिथे तिथे पोपडे आणि भेगा. या भेगांचा पुढे संबंध येणार आहे. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी. मी इथल्या एका पतसंस्थेत आहे, मुलगा तेव्हा नववीत होता.

दुसरा दिवस रविवार, पंचमी, म्हणजे सासऱ्यांचं श्राद्ध. घरात पहाटेपासून तळणीचा वास. खीर, उडदाचे वडे, अळूवड्या, आमटी, गवार, कारलं. कावळ्याचं पान कौलावर गेलं, गायीचा घास गेला आणि कुत्र्याचा वाटा नेहमीप्रमाणे खंड्यासमोर आला. दर वर्षी तो हा वाटा पान जमिनीला टेकायच्या आत संपवतो. त्या दिवशी तो उठून आला, वड्यापाशी नाक नेलं, जिभेने दोन-तीनदा ओठ चाटले आणि तोंड फिरवून परत जाऊन पडला.

जेवायला आलेल्या चुलतसासूबाईंचा चेहरा पडला. "मामंजींचं काही राहिलं असेल का गं?" त्या हळूच म्हणाल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुपारी सगळे गेल्यावर त्यांनी मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन खंड्याची दृष्ट काढली. ठसका लागून तो चारदा शिंकला. "बघ, लागलीच होती," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मला वाटलं, हाड अडकलं असेल. मी त्याचा जबडा उघडला, मोबाईलचा उजेड पाडला आणि घशाकडे दोन बोटं घालून चाचपलं. काही नव्हतं. हे मी किती धाडसाचं, खरं तर किती मूर्खपणाचं केलं, ते मला मंगळवारी कळलं.

सोमवारी कामावरून येताना मी चिकन आणलं. पितृपक्षात! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "मागच्या चुलीवर कर. आणि पातेलं वेगळं." म्हणजे परवानगीच ती. नुसतं पाण्यात उकडलं, मीठसुद्धा नाही. खंड्याने एक तुकडा तोंडात घेतला, क्षणभर धरला आणि अगदी हलकेच खाली ठेवला, पाहुण्याने नको असलेला लाडू ताटाच्या कडेला सारावा तसा. मग मी अंडं केलं. मग दहीभात. मुलाने ग्लुकोजची बिस्किटं आणली, वर आईस्क्रीमचा कप. रात्री आठ वाजता सोप्यावर पाच ताटल्या मांडलेल्या होत्या आणि मधे खंड्या, मान पुढच्या पायांवर टाकून, जणू त्याचंच श्राद्ध. त्यात एका ओळखीच्या औषधवाल्याने भूक लागायचं सिरप आणि लिव्हरचं टॉनिक दिलं होतं. तेही पाजलं. दहा मिनिटांत सगळं पिवळं होऊन बाहेर.

दोन दिवस मी फक्त ताटल्यांकडे बघत होते. कुत्र्याकडे बघितलं ते मुलाने. पोट खाजवायला म्हणून त्याने खंड्याला उताणं केलं आणि म्हणाला, "आई, हे काय गं?" मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे केस विरळ असतात, तिथे बारीक लाल ठिपके होते. लाल शाईच्या पेनाने कोणी टोच टोच टोचावं तसे. मला वाटलं पिसवा. बोट दाबलं तर ठिपके पुसट होईनात. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. एरवी पिकल्या लाल पेरूसारख्या असतात त्या; आता भिजवलेल्या पोह्यांच्या रंगाच्या. तेव्हा पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला.

घरातला डिजिटल थर्मामीटर घेतला, टोकाला खोबरेल तेल लावलं, मुलाने डोकं मांडीवर धरलं आणि मी शेपूट उचललं. कुत्र्याचा ताप गुदद्वारातच घ्यायचा. नाक गरम की गार यावरून काही कळत नाही. १०४.४. एक लक्षात ठेवायचं, आपल्याला १०१ म्हणजे ताप, त्यांना १०१ म्हणजे सगळं ठीक, साधारण १०२.५ पर्यंत चालतं. १०४ ला वाट बघायची नसते. पण रात्रीचे दहा वाजले होते. तो थोडं थोडं पाणी पीत होता, एवढ्या आधारावर रात्र काढली. थर्मामीटरवर लाल मार्करने मोठा 'ख' काढला. तो आता फक्त त्याचा आहे.

मंगळवारी अर्धी रजा टाकून डॉक्टरांकडे. रिक्षात सासूबाईही चढल्या. "मी बाहेरच बसेन," म्हणत होत्या, बसल्या मात्र टेबलाला टेकून. डॉक्टर म्हणजे एक तरुण मॅडम. आमच्या आधी एक मेंढपाळ शेळी घेऊन आला होता, ती तपासून होईपर्यंत खंड्या फरशीवर आडवा पडून राहिला. शेळीकडे त्याने बघितलंही नाही. शेळीकडे!

"दोन दिवस काही खात नाही," मी सांगितलं.

"खात नाही म्हणजे कसं?" त्या म्हणाल्या. "भांड्यापाशी येतच नाही? की येतो, वास घेतो आणि मागे सरतो? की तोंडात घेतो आणि टाकतो?"

मला वाटलं हे तिन्ही एकच. तसं नाही. येतच नसेल तर ताप, थकवा, दुखणं. येऊन वास घेऊन ओठ चाटून मागे फिरत असेल तर बहुधा मळमळ. भूक दिसते, तोंडात घेतो आणि टाकतो, किंवा एकाच बाजूने चावतो, तर दात, हिरडी, जबडा, घसा. मी आठवून आठवून शनिवारचं, रविवारचं, सोमवारचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पाणी किती पितो, शेवटची शी कधी झाली, कशी झाली, काळी होती का, लघवीचा रंग कॉफीसारखा गडद दिसला का, उलटीत काय होतं. यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. तो परसात जातो आणि येतो, मागे कोण जातंय!

त्यांनी त्याच्या तोंडाला हात लावण्याआधी विचारलं, "रेबीजचं कार्ड?"

कार्ड होतं. फेब्रुवारीत लस झाली होती. "तोंडात कोणी हात घातला होता का?" मी हो म्हटलं. त्यांनी कार्डावरची तारीख पुन्हा वाचली, मग म्हणाल्या, "लस वेळेवर आहे म्हणून मी तुम्हाला रागावत नाही. कुत्रं खात नाही, गिळता येत नाही, लाळ गळतेय, आवाज बदललाय, तर घशात हाड आहे असंच प्रत्येकाला वाटतं. आणि प्रत्येक जण हात घालतो." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मी माझ्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिले.

"माणसाचं काही औषध दिलंय?"

"नाही," मी ठामपणे म्हणाले.

शांतता. मग सासूबाईंनी पदर सारखा केला. "अर्धी दिली होती. तापाची. काल दुपारी. गुळाच्या पाण्यात. अंग चटकत होतं त्याचं."

मी अवाक्. मॅडमनी मात्र आवाज चढवला नाही. पाचशेची अर्धी, एकदाच, अठरा किलोच्या कुत्र्याला, निभावलं म्हणाल्या. पण पॅरासिटामॉल कुत्र्याच्या लिव्हरला जड जातं, मांजराला तर जीवघेणंच. "आणि आजी, अंगदुखीची ती दुसरी गोळी दिली असती ना, आयबुप्रोफेन, तर पोटात रक्तस्राव झाला असता. याला तर ते अजिबात परवडणारं नाही, आता सांगते का." सासूबाई त्यानंतर घरी येईपर्यंत फक्त एक शब्द बोलल्या. मला वाटतं, लग्नानंतर पहिल्यांदाच.

मग तपासणी. हिरडी बोटाने दाबून सोडायची. पांढरी पडते ती दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली, ती लगेच बसायला हवी, खंड्याची तंबूसारखी उभी राहून सावकाश खाली गेली. अंगातलं पाणी कमी झालेलं. मागच्या गुडघ्यांमागे गाठी सुजलेल्या. मग त्यांनी डावा कान उलटा केला आणि मला दाखवला. आत, घडीमध्ये, एक करडा गोचीड, फुटाण्याएवढा टम्म. शेजारी डाळीएवढे दोन. पायाच्या बोटांच्या बेचक्यात आणखी.

"हे कधीपासून?"

"पावसाळ्यात असतातच," मी म्हणाले. म्हणताना मलाच ऐकू आलं मी काय म्हणतेय ते.

रक्त घेतलं. सुई काढल्यावर कापूस दाबून धरायला सांगितला. पाच मिनिटं धरला, काढला तर पुन्हा थेंब. मॅडमनी तो थेंब बघितला आणि न बोलता पुन्हा कापूस ठेवला. एका चपट्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून दहा मिनिटं थांबलो, तिथे खूण उमटली. तासाभराने लॅबचा कागद आला. हिमोग्लोबिन ८.१. प्लेटलेट ३४,०००. कुत्र्याला निदान दोन लाख तरी हव्यात.

गोचीडताप. टिक फीवर म्हणतात तो. त्यातही दोन-तीन प्रकार असतात. खंड्याचा एर्लिकियाचा निघाला. गोचीड चावताना हा जंतू आत सोडतो, तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये बिऱ्हाड करतो आणि चावल्यापासून आठ ते वीस दिवसांनी ताप येतो. पुढे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारायला लागतं. मांडीवरचे ते लाल ठिपके म्हणजे कातडीखाली झिरपलेलं रक्त होतं. दुसऱ्या प्रकारात, बबेसियात, लाल पेशीच फुटतात. लघवी कॉफीसारखी होते ती त्यात, आणि त्याचं औषध वेगळं. म्हणून तो प्रश्न. भूक जाणं हे या सगळ्यातलं पहिलं चिन्ह, आणि मी त्याच्यावर आईस्क्रीमचा उपाय करत होते.

सलाईन लागलं, उलटीचं इंजेक्शन झालं, तेही शिरेतून. स्नायूत टोचलं तर आत रक्त साकळेल म्हणून. पहिल्या दिवसाचं बिल चार हजार दोनशे. आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, वजनावर मोजून, अठ्ठावीस दिवस. सत्तावीस नाही. "चौथ्या-पाचव्या दिवशी तो उड्या मारेल आणि तुम्ही गोळ्या बंद कराल. सगळे करतात. मग तीन महिन्यांनी परत येतात आणि तेव्हा मी एवढ्या खात्रीने बोलू शकत नाही."

गोळीच्या अटी ऐकून मला हसावं की रडावं कळेना. उपाशीपोटी द्यायची नाही, मळमळ वाढते. कोरडी द्यायची नाही, घशात चिकटली तर तिथे भाजल्यासारखा व्रण होतो, म्हणून मागून पाणी पाजायचंच. आणि दूध, दही, पनीर आगेमागे दोन तास नाही, औषध दुधातल्या कॅल्शियमला धरून बसतं. आता आमच्या घरची रीत अशी, खंड्याला जंताची गोळी द्यायची तर सातारी कंदी पेढ्यात. सात वर्षांची रीत. "पेढा?" सासूबाईंनी त्या दिवसातला शेवटचा शब्द उच्चारला. मॅडमनी मान हलवली.

म्हणजे गोळीने भूक जाणार, भूक नाही म्हणून तो खाणार नाही, खाल्लं नाही तर गोळी देता येणार नाही.

यातून वाट काढली ती पेजेने. सुई नसलेली वीस मिलीची सिरिंज. तांदूळ आणि थोडी मुगाची डाळ गिजगा होईपर्यंत शिजवायची, चिकनच्या पाण्यात सैल करायची, गाळून घ्यायची. कांदा नाही, लसूण नाही. ती दोन्ही कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात, आणि खंड्याकडे फोडायला फारशा उरल्याच नव्हत्या. मी फोडणीशिवाय आयुष्यात काही शिजवलं नव्हतं, हात सारखा मोहरीच्या डब्याकडे जायचा.

भरवायची पद्धत मॅडमनी मुलाच्या हातात सिरिंज देऊन शिकवली. कुत्र्याची मान वर करायची नाही. आपण लहान बाळाला औषध पाजताना करतो तसं केलं तर ते श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो. डोकं सरळ, सिरिंज समोरून नाही तर गालाच्या खोबणीत, सुळ्याच्या मागे. पाच मिली सोडायचं, थांबायचं, त्याने गिळलेलं बघायचं, घशावर हलकं बोट ठेवलं की कळतं, मगच पुढचं. आणि त्याने मान फिरवली तर ऐकायचं. हे महत्त्वाचं. मळमळत असताना कोंबून घातलेल्या पदार्थाचा त्यांना कायमचा तिटकारा बसू शकतो. ताटल्या मांडायच्या नाहीत, हेही बजावलं. समोर सतत अन्नाचा वास असला की मळमळणारा जीव आणखी लांब पळतो. दहा मिनिटं ठेवायचं, कोमट करून, कारण कोमट असलं की वास उठतो. नाही खाल्लं, उचलायचं.

पहिल्या दिवशी चाळीस मिली पेज गेली. दुसऱ्या दिवशी ऐंशी. मुलगा शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर वेळ आणि मिली लिहायचा, शेजारी ताप, शेजारी 'शू पिवळी', 'शी नाही'. ती वही घेऊनच आम्ही रोज सलाईनला जायचो. मॅडम त्याच्या हातातून वही घेऊन आधी ती वाचायच्या, मग खंड्याकडे वळायच्या.

गुरुवारी सकाळी तो शिंकला आणि भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. उजव्या नाकपुडीतून बारीक धार. बर्फ रुमालात गुंडाळून नाकाच्या हाडावर धरला, रिक्षा बोलावली. प्लेटलेट २१,०००, हिमोग्लोबिन ६.९. त्या दिवशी मॅडमनी थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइडची लहान मात्रा सुरू केली आणि सरळ सांगितलं, आणखी खाली गेलं तर रक्त द्यावं लागेल. त्यासाठी खंबाटकीच्या बोगद्यातून पलीकडे शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, नाहीतर पुण्याला. रक्तदाता कुत्रा आत्ताच शोधून ठेवा. पंचवीस किलोंच्या वरचा, निरोगी, लसी झालेला.

म्हणून मी दुपारी पतसंस्थेतून फोन करत होते, "तुमच्या लॅब्रेडॉरचं वजन किती हो?" एका खातेदाराने लगेच हो म्हटलं. या माणसाला आम्ही मागच्याच महिन्यात थकबाकीची नोटीस पाठवली होती. नवरा रात्री पुण्याहून गाडी घेऊन आला आणि गाडी दारात उभी राहिली, मागच्या सीटवर गोधडी अंथरून.

ती गोधडी वापरावी लागली नाही. शुक्रवारी आकडे तिथेच थांबले. थांबले म्हणजेही आनंद असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

शनिवारी रात्री, म्हणजे रविवार उजाडायला आलेला, अडीचच्या सुमाराला मला परसाच्या दारापाशी आवाज आला. पातेलं फरशीवर सरकतंय, थांबतंय, सरकतंय. पेजेचं पातेलं मी भिजत घालायला विसरले होते. तळाला खरवड लागलेली. मी दिवा लावला नाही. अंधारात उभी राहून ऐकत राहिले. खरखरीत जिभेचा स्टीलवरचा आवाज, मधेच पातेलं भिंतीला टेकल्याचा ठण. मागे कोणीतरी आहेसं वाटलं म्हणून वळले तर सासूबाई. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. आम्ही दोघी तिथे पाच-सात मिनिटं उभ्या होतो. मग तो दमून तिथेच बसला, पातेल्यात तोंड ठेवून.

सकाळी मी उत्साहाने वाटीभर पेज-भात ठेवला. मॅडमनी फोनवर अडवलं. आठवडाभर रिकाम्या पोटाला एकदम भर नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-दोन चमचे. पुढचे तीन दिवस ताप १०२. सर्वपित्रीला शेजारच्यांनी कावळ्यासाठी कुंपणाच्या भिंतीवर पान ठेवलं होतं. पानावरचा वडा कोणी नेला हे कोणी पाहिलं नाही, पण खंड्याच्या मिशीला खीर होती. शेजारच्या काकू चिडल्या नाहीत. "कावळा काय, कुत्रा काय, शिवला म्हणजे झालं," म्हणाल्या. मी मात्र घड्याळ बघून गोळी दोन तास पुढे ढकलली, खिरीतल्या दुधासाठी.

चिकन तो आजही खात नाही. आजारपणातल्या त्या वासाचा त्याला जो राग बसला तो बसला. गोळी उकडलेल्या बटाट्यात दिली. बटाट्यालाही पंधराव्या दिवशी तो ओळखू लागला, मग रताळं. अठ्ठाविसावी गोळी दिवाळीच्या आठवडाभर आधी संपली. शेवटच्या तपासणीत प्लेटलेट २,१०,०००. मॅडमनी वहीच्या मागच्या पानावर, मुलाच्या रकान्यांखाली, आकडा स्वतःच्या हाताने लिहिला.

मधल्या काळात वाड्याचं काम निघालं. गोचीड कुत्र्यावर राहतात असं मी समजत होते. पोट भरलं की मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि तिथे हजारांनी अंडी घालते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे; बाकी कुटुंब घरात. आणि उपाशी राहून ते महिनोन् महिने तग धरतात. म्हणजे नुसत्या खंड्याच्या मानेवर औषध टाकून उपयोग नव्हता. सोप्याच्या भेगा आम्ही चुन्यात सिमेंट कालवून बुजवल्या, त्याची बसायची जुनी पोती जाळली, परसातलं गवत कापलं. कोणी म्हणालं, गुरांचं गोचिडाचं औषध आणा, पाण्यात कालवून कुत्र्यावर ओता. मॅडमनी नको म्हटलं, प्रमाण चुकलं तर कुत्रंच जाईल. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याला गोचिडाची चघळायची गोळी असते, वजन बघून. ती त्याला आवडते. फुकट वाटतं म्हणून असेल.

आता गल्लीत कोणाचं कुत्रं जेवेनासं झालं की लोक मला विचारतात. मी डॉक्टर नाही, पण विचारते: पाणी पितोय का? पाणीही सोडलं असेल तर आजच जा. पिल्लू आहे का? मग एक वेळचं चुकलं तरी थांबू नका, त्यात उलट्या आणि रक्ताचे जुलाब असतील तर पार्वो, म्हणजे पिल्लांचा तो जीवघेणा विषाणू, असू शकतो. पोट फुगून टणक झालंय आणि ओकारी येतेय पण काही पडत नाही? मग मला फोन का करताय, गाडी काढा. मागच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या वहिनींची कुत्री दोन दिवस जेवत नव्हती, पाणी मात्र ढसाढसा पीत होती. महिनाभरापूर्वी माजावर येऊन गेलेली. मॅडमनी माद्यांसाठी हा प्रश्न मला मुद्दाम शिकवला होता. गर्भाशयात पू झालेला निघाला, त्याच संध्याकाळी ऑपरेशन. आणि हे काहीच नसेल, कुत्रं खेळतंय, हिरड्या गुलाबी आहेत, ताप नाही, फक्त एक वेळ जेवलं नाही, तर सासूबाईंचं म्हणणं बरोबर असतं. असतात लंघनं.

सासूबाईंनी तापाच्या गोळ्यांचा डबा मात्र स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवलाय. कोणापासून ते विचारायची सोय नाही. आणि रोज दुपारी, चहाच्या आधी, त्या सोप्यावर बसून खंड्याचं डोकं मांडीवर घेतात, चष्मा नाकावर ओढतात, मुलाचा अभ्यासाचा छोटा टॉर्च लावतात आणि एकेक कान, मग एकेक बेचकं. शेजारी रॉकेल घातलेली झाकणाची बाटली. हाताने चिरडायचा नाही, बाटलीत टाकायचा, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तो झोपून जातो.

काल मी कामावरून आले तर बाटली तशीच बाजूला होती. "आज एकही नाही," त्या थोड्या नाराजीने म्हणाल्या, आणि पुन्हा डाव्या कानापासून सुरुवात केली.